यूएसएस एंटरप्राइज: अणुशक्तीवर चालणारी पहिली विमानवाहू नौका, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात एंटरप्राइज हे नाव माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. डिसेंबर १९७१ मधे बाबा गिरगावात चाळीत राहायचे, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, संध्याकाळ झाली की ब्लॅकआऊट, आणि एका रेडिओभोवती अख्खा मजला गोळा व्हायचा. बाबा सांगतात की शेवटच्या तीनचार दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, सातवं आरमार निघालंय. त्या अमेरिकन आरमारातली मोठी बोट म्हणजे एंटरप्राइज. पुढे मी शाळेत असताना नेव्ही वीकमधे आयएनएस विक्रांत बघायला गेले आणि तेव्हापासून मला या बोटींनी धरलं ते धरलंच. आता घरातली, ओळखीतली पोरं जे प्रश्न विचारतात ते इथे एका जागी लिहून ठेवतेय. आपल्याकडे एंटरप्राइज फक्त ७१ पुरती आठवतात, पण ती ५१ वर्षं समुद्रावर होती आणि ती सगळी वर्षं समजून घेण्यासारखी आहेत असं मला मनापासून वाटतं.

ही नेमकी कुठली एंटरप्राइज? दुसऱ्या महायुद्धातली का?

नाही, ती वेगळी. अमेरिकन नौदलात एंटरप्राइज नावाच्या बऱ्याच बोटी होऊन गेल्या, आपली ही आठवी. सातवी होती सीव्ही-६, ती मिडवेच्या लढाईतली. तिच्या कॅप्टनच्या केबिनमधल्या गोल खिडक्या काढून ठेवल्या होत्या आणि त्या या नव्या बोटीत कॅप्टनच्या केबिनला बसवल्या. या आठवीचा नंबर सीव्हीएन-६५, त्यातला एन म्हणजे न्यूक्लिअर. खलाशी तिला 'बिग ई' म्हणायचे, हे टोपणनावही जुन्या बोटीचंच, वारशात मिळालेलं.

व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज म्हणून गाव आहे, तिथल्या गोदीत ती बांधली. नोव्हेंबर १९५७ मधे ऑर्डर, फेब्रुवारी १९५८ मधे कामाला सुरुवात, २४ सप्टेंबर १९६० ला जलावतरण आणि २५ नोव्हेंबर १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. पहिले कॅप्टन व्हिन्सेंट डी पॉइक्स. खर्च आला ४५ कोटी १३ लाख डॉलर, त्या काळातले. खरंतर अशा सहा बोटी बांधायचा विचार होता पण हा आकडा बघून बाकीच्या पाच रद्द केल्या, त्यामुळे या जातीची ही एकटीच.

किती मोठी होती?

३४२ मीटर लांब. मुंबईकरांसाठी सांगायचं तर पंधरा डब्यांची लोकल प्लॅटफॉर्मला उभी असते ना, तिच्याहीपेक्षा थोडी जास्तच. जगातली आजपर्यंतची सगळ्यात लांब युद्धनौका हीच, नंतरच्या निमित्झ आणि फोर्ड जातीच्या बोटी वजनाला जास्त भरतात पण लांबीला हिच्यापुढे गेल्या नाहीत. वजन पूर्ण भरल्यावर ९० हजार टनांच्या वर. वरचा फ्लाइट डेक साडेचार एकर, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच शेतकऱ्यांची एकूण जमीनसुद्धा एवढी नसते. विमानं सत्तरच्या वर आणि माणसं, खलाशी आणि विमानांचा स्टाफ धरून, पाच हजारांच्या आसपास. तेवढ्या सगळ्यांचं रोजचं जेवण, गोडं पाणी, कपडे, दवाखाना, पोस्ट.

अणुशक्तीवर चालते म्हणजे नक्की काय चालतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोकांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं, की मागून काहीतरी आग वगैरे निघते. तसं काही नाही. शेवटी ती वाफेवर चालणारीच बोट आहे. घरचा कुकर आठवा, पाणी तापलं की वाफ होते आणि ती वाफ जोर लावते. आधीच्या बोटींमधे पाणी तापवायला फर्नेस ऑइल जाळायचे, इथे ते काम युरेनियम करतं. अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात, उष्णता होते, ती उष्णता भट्टीतून फिरणारं पाणी उचलतं, ते पाणी प्रचंड दाबाखाली असतं म्हणून उकळत नाही, मग ते एका वेगळ्या टाकीतून जातं जिथे त्याच्या उष्णतेने दुसऱ्याच पाण्याची वाफ होते, आणि ही दुसरी, साफ वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन गिअरमधून शाफ्ट फिरवते, शाफ्टच्या टोकाला पंखा. पहिलं पाणी आणि दुसरं पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाही, कारण पहिलं किरणोत्सारी असतं. झालं, एवढंच तत्त्व.

तीच वाफ वर डेकवरच्या चार कॅटापुल्टना पण जायची. कॅटापुल्ट म्हणजे विमानाला गोफणीसारखं फेकणारं यंत्र, दोनेक सेकंदांत विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या पुढे नेऊन सोडतं.

मग आठ अणुभट्ट्या कशाला? नंतरच्या बोटींना तर दोनच आहेत

कारण हे पहिल्यांदाच होत होतं. त्या आधीच्या मोठ्या विमानवाहू नौकांना आठ बॉयलर असायचे, तर इंजिनिअर लोकांनी बॉयलरच्या जागी भट्ट्या बसवल्या, आठाच्या जागी आठ. चार शाफ्ट, प्रत्येक शाफ्टला दोन भट्ट्यांची जोडी. बोट बांधायच्या आधी आयडाहोच्या वाळवंटात, समुद्रापासून शेकडो मैल आत, या जोडीचा एक नमुना जमिनीवर उभा करून चालवून बघितला होता. या सगळ्यामागे ॲडमिरल हायमन रिकोव्हर, अमेरिकेच्या अणु-नौदलाचे सर्वेसर्वा. नंतर निमित्झमधे दोन मोठ्या भट्ट्यांत तेच काम होऊ लागलं. पण आठ भट्ट्या म्हणजे आठपट पंप, पाइप, व्हॉल्व्ह आणि ते सांभाळणारी माणसं, त्यामुळे ही बोट शेवटपर्यंत मेंटेनन्सला फार अवघड राहिली.

इंधन कधीच भरावं लागत नव्हतं हे खरं आहे का?

अर्धं खरं. पहिलं इंधन तीन वर्षं चाललं आणि तेवढ्यात ती दोन लाख मैलांच्या वर फिरली. मग १९६४ च्या शेवटी गोदीत नेऊन इंधन बदललं, नंतरही काही वेळा बदललं, शेवटचं १९९० ते ९४ मधल्या मोठ्या दुरुस्तीत, आणि ते थेट निवृत्तीपर्यंत पुरलं.

पण विमानांना लागणारं इंधन, म्हणजे जेट फ्युएल, बॉम्ब, भाजीपाला, दूध, पीठ हे सगळं समुद्रातच दुसऱ्या बोटीकडून घ्यावं लागायचं, दोन्ही बोटी शेजारी शेजारी एकाच वेगाने चालवत मधे दोर आणि पाइप टाकून. त्यामुळे अमर्याद वगैरे म्हणतात ते बोटीच्या चालण्यापुरतं, पोटापाण्यापुरतं नाही. उलट बोटीचं स्वतःचं तेल ठेवायची जागा वाचली म्हणून विमानांचं इंधन आणि दारूगोळा जास्त ठेवता यायचा, हा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते अणुशक्तीने दिलेली खरी गोष्ट वेग नाहीये. ३३ नॉटच्या, म्हणजे ताशी साठेक किलोमीटरच्या पुढे ती जायची हे खरं, पण तेलावरच्या चांगल्या बोटीही तेवढ्या पळतात. खरी गोष्ट ही की तो वेग ती दिवसेंदिवस धरून ठेवू शकायची आणि पोचल्यावर तिथेच थांबू शकायची, मागे टँकर आला का बघायची गरज नव्हती. हिच्या सगळ्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा दिसतं, खाली बघालच.

जुन्या फोटोत तिचा वरचा भाग चौकोनी डब्यासारखा का दिसतो?

धुराडं नाही म्हणून. धूरच नाही तर चिमणी कशाला. डेकच्या एका बाजूला जो इमारतीसारखा भाग असतो त्याला आयलंड म्हणतात, आणि हिच्या आयलंडच्या चारी भिंतींवर सपाट रडार बसवले होते, फिरणारे नाहीत, भिंतीलाच चिकटलेले. वर मधमाशांच्या पोळ्यासारखा घुमट. काळाच्या फार पुढची कल्पना होती पण ते रडार सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले, म्हणून १९७९ ते ८२ च्या दुरुस्तीत सगळं काढून साधं आयलंड केलं. त्यामुळे फोटो ७९ च्या आधीचा की नंतरचा हे आयलंड बघून एका नजरेत कळतं.

सुरुवातीच्या वर्षांत काय काय केलं?

फेब्रुवारी १९६२ मधे जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आले, असं करणारे पहिले अमेरिकन, तेव्हा त्यांच्या यानाचा माग ठेवायच्या कामात ही बोट होती, नौदलात येऊन तीन महिनेच झाले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे क्युबाचा पेच झाला, रशियन क्षेपणास्त्रांवरून, त्या नाकेबंदीतही होती.

पण मला सगळ्यात आवडतं ते १९६४. एंटरप्राइज, क्रूझर लाँग बीच आणि बेनब्रिज, तिन्ही अणुशक्तीच्या, ३१ जुलैला निघाल्या आणि जगाला पूर्ण वळसा घालून ३ ऑक्टोबरला परत आल्या. ६५ दिवस, ३० हजारांच्या वर सागरी मैल, वाटेत एक थेंब तेल घेतलं नाही. ऑपरेशन सी ऑर्बिट. त्याच उन्हाळ्यात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे, तिन्ही बोटी ओळीने आणि एंटरप्राइजच्या डेकवर पांढऱ्या कपड्यातले खलाशी असे उभे केलेत की वरून आइन्स्टाइनचं समीकरण वाचता येतं, ई बरोबर एमसी वर्ग. प्रत्येक अक्षर म्हणजे उन्हात ताटकळत उभी असलेली वीस-बावीस वर्षांची पोरं. तो फोटो मी मोठा करून तासभर बघत बसले होते.

व्हिएतनाममधे तिचा काय भाग होता?

मोठा भाग होता. २ डिसेंबर १९६५ ला तिच्यावरून विमानं उडाली आणि ती लढाईत उतरलेली जगातली पहिली अणुशक्तीची बोट ठरली. पहिल्या दिवशी १२५ उड्डाणं, दुसऱ्या दिवशी १६५. कॅप्टन होते जेम्स हॉलोवे, पुढे ते नौदलप्रमुख झाले. त्यानंतर वर्षामागून वर्षं ती तिकडे जात राहिली. जानेवारी १९६८ मधे जपानच्या सासेबो बंदरात गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी मोठी निदर्शनं केली, हिरोशिमा-नागासाकी झालेल्या देशात अणुशक्तीची बोट येणं त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. तिथून बाहेर पडते तोच उत्तर कोरियाने प्युब्लो ही अमेरिकन बोट पकडली, की हिला लगेच तिकडे पाठवलं. एप्रिल १९७५ मधे सायगाव पडलं, लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं, त्या वेळी वरून पहारा देणारी नवीकोरी एफ-१४ टॉमकॅट विमानं हिच्याच डेकवरची होती. म्हणजे ६५ पासून शेवटच्या दिवसापर्यंत. त्या बॉम्बहल्ल्यांत खाली जी माणसं गेली त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय फक्त उड्डाणांचे आकडे सांगणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून आकडे इथेच थांबवते.

१९६९ ची आग कशी लागली?

१४ जानेवारी १९६९, सकाळी आठच्या सुमारास. बोट हवाईजवळ होती, व्हिएतनामला जायच्या आधीचा सराव चालू होता. डेकवर विमानांची इंजिनं चालू करायला एक छोटं ट्रॅक्टरवजा यंत्र असतं, त्याला खलाशी हफर म्हणतात, त्यातून गरम हवा सोडून इंजिन फिरवतात. अशा एका हफरचा एक्झॉस्ट एका फँटम विमानाच्या पंखाखाली लावलेल्या झुनी रॉकेटच्या तोंडासमोर आला. रॉकेट तापत गेलं, तापत गेलं आणि त्याचा स्फोट झाला. तुकड्यांनी विमानाची टाकी फुटली, जळतं इंधन डेकवर पसरलं, शेजारच्या विमानांवरची रॉकेटं आणि मग बॉम्ब एकामागून एक. स्फोटांनी डेकला भगदाडं पडली आणि त्यातून जळतं इंधन खालच्या मजल्यांवर गेलं.

२८ जण गेले, ३१४ जखमी झाले, १५ विमानं जळाली. भट्ट्यांना काही झालं नाही. शेजारून बेनब्रिज आणि रॉजर्स या बोटी पाण्याचे फवारे मारायला मदतीला आल्या. याच्या दीड वर्ष आधी फॉरेस्टल नावाच्या बोटीवर असंच झुनी रॉकेट सुटून १३४ माणसं गेली होती, तिथे आग विझवायचं शिक्षण मिळालेली मुख्य टीम पहिल्याच बॉम्बमधे गेली आणि बाकीच्यांना नीट येत नव्हतं. एंटरप्राइजवर मात्र त्या धड्यामुळे साध्या खलाशांनाही शिकवलेलं होतं, म्हणून काही तासांत आग आटोक्यात आली. पर्ल हार्बरला दुरुस्ती करून मार्चमधे ती परत निघालीसुद्धा. पण एक गोष्ट मनातून जात नाही. हफर कुठे लावायचा हा दोन फुटांचा प्रश्न होता, बस.

१९७१ मधे ती भारतावर हल्ला करायला आली होती का?

हा आपल्या सगळ्यांचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. ४ तारखेला आपल्या मिसाइल बोटींनी कराची बंदर पेटवलं, नौदल दिन त्या दिवशी असतो तो त्याचसाठी. पूर्वेला विक्रांतची सी हॉक विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले करत होती आणि तिला शोधायला आलेली गाझी ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आठवड्याभरात पूर्व पाकिस्तानातलं सैन्य कोंडलं गेलं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी सातव्या आरमारातल्या काही बोटी काढून टास्क फोर्स ७४ तयार केला, त्यात मुख्य एंटरप्राइज, ती व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ होती. सोबत ट्रिपोली ही सैनिक आणि हेलिकॉप्टर नेणारी बोट, विनाशिका वगैरे. सिंगापूरजवळ जमून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून सगळे इकडे आले आणि १५ डिसेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात शिरले.

जाहीर कारण सांगितलं की ढाक्यातल्या अमेरिकन नागरिकांना बाहेर काढायचंय. पण १२ तारखेलाच ब्रिटिश विमानांनी बहुतेक परदेशी लोकांना ढाक्यातून काढलं होतं. नंतर खुल्या झालेल्या अमेरिकन कागदपत्रांत स्पष्ट दिसतं की खरा हेतू दबाव आणण्याचा होता, भारताने पश्चिम पाकिस्तानकडे सगळी ताकद वळवू नये आणि चीन-रशियाला अमेरिका काहीतरी करतेय हे दिसावं. गोळी झाडायचा हुकूम नव्हता. रशियाशी ऑगस्टमधेच आपला करार झालेला होता, त्यांच्याही बोटी व्लादिव्होस्तोकहून मागे लागल्या. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या. बोट पोचेपर्यंत कामच संपलं होतं. नंतर ती जानेवारी ७२ पर्यंत हिंदी महासागरात होती आणि मग निघून गेली.

तर हल्ला करायला आली होती असं सरसकट म्हणता येणार नाही, पण धमकी म्हणून आली होती हे नक्की. आणि ती धमकी ज्यांनी काळ्या कागदाच्या खिडकीमागे बसून ऐकली त्यांना हा फरक कुणी समजावून सांगत नव्हतं. बाबा म्हणतात, आजीने त्या रात्री शेजारणींशी बोलून तांदूळ आणि रॉकेल किती शिल्लक आहे ते मोजलं होतं.

विक्रांत आणि एंटरप्राइज समोरासमोर आल्या असत्या तर?

आल्या नाहीत. तुलना मात्र करून बघा. विक्रांत २० हजार टनांच्या आतबाहेर, २१३ मीटर लांब, त्यात तिच्या एका बॉयलरला चीर गेलेली, म्हणजे पूर्ण वेगही घेता येत नव्हता, आणि तशाच अवस्थेत ती युद्धात उतरली होती. समोरची ९० हजार टनांची. आपल्या लोकांना हे सगळं माहीत होतं आणि तरी बंदरांवरचे हल्ले चालूच ठेवले, हे मला फार मोठं वाटतं.

गंमत बघा, दोघींचं वर्ष एकच. विक्रांत ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला आपल्या नौदलात आली, एंटरप्राइज त्याच नोव्हेंबरमधे. विक्रांत नोव्हेंबरात मुंबईला पोचली आणि डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी लगेच गोव्याच्या समुद्रात पहाऱ्याला उभी राहिली, बाहेरच्या कुणी मधे पडू नये म्हणून.

तिच्यावर अणुबॉम्ब होते का?

अणुशक्तीवर चालणं आणि अण्वस्त्रं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भट्टीचा बॉम्बसारखा स्फोट होत नाही. अमुक बोटीवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत याला हो किंवा नाही म्हणायचंच नाही असं अमेरिकेचं धोरण होतं. १९९१ मधे त्यांनी पाण्यावरच्या सगळ्या बोटींवरून अशी शस्त्रं काढायचा निर्णय जाहीर केला.

युद्ध सोडून काही चांगलं काम केलं का?

केलं की. फेब्रुवारी १९७५ मधे मॉरिशसला मोठं चक्रीवादळ आलं. बोट पोर्ट लुईला गेली आणि खलाशांनी उतरून पाणी, वीज, टेलिफोन चालू करायला, रस्ते मोकळे करायला मदत केली. मॉरिशसमधे आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, गणपती बसवतात, घरात मराठी टिकवून आहेत, त्या बेटावरच्या घरांतही त्या दिवसांत दिवे लागले असतील. ७१ ला ज्या बोटीच्या नावाने गिरगावात लोक धास्तावले तीच तीनच वर्षांनी तिथे मदतीला, बोट तीच, हुकूम वेगळा.

कधी अडकली, धडकली असं झालं का?

दोनदा मोठं झालं. एप्रिल १९८३ मधे आठ महिन्यांच्या मोहिमेवरून परत येत होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत अलामेडाचा धक्का समोर दिसतोय, धक्क्यावर बायकापोरं उभी, आणि बोट गाळात रुतली. काही तास तशीच, भरतीची वाट बघत. दुसऱ्यांदा नोव्हेंबर १९८५ मधे सॅन दिएगोजवळ कॉर्टेस बँक नावाच्या पाण्याखालच्या खडकाला घासली, तळाला लांब चीर आणि पंख्यांचं नुकसान.

आखाती देशांच्या बाजूला काय केलं?

एप्रिल १९८६ मधे सुवेझ कालव्यातून गेलेली ती पहिली अणुशक्तीची विमानवाहू नौका, तेव्हा अमेरिकेचं लिबियाशी वाजलं होतं म्हणून भूमध्य समुद्रात पोचायचं होतं. मग एप्रिल १९८८ मधे इराणने पेरलेल्या सुरुंगावर एक अमेरिकन फ्रिगेट आपटलं, त्याचा बदला म्हणून १८ तारखेला जी लढाई झाली त्यात हिच्या विमानांनी इराणची सहंद ही युद्धनौका बुडवण्यात मोठा भाग घेतला. डिसेंबर १९९८ मधे इराकवर हल्ले. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, रात्रीच्या लँडिंगला एक प्राउलर विमान डेकवरच्या दुसऱ्या विमानावर आदळलं आणि प्राउलरमधले चौघेही गेले. लढाई नाही, रोजचा सराव.

११ सप्टेंबर २००१ ला ती कुठे होती?

घरी जायला निघाली होती. आखातातली ड्युटी संपवून दक्षिणेकडे चालली होती, आणि खलाशांनी बोटीवरच्या टीव्हीवर न्यूयॉर्कचे टॉवर जळताना बघितले. कॅप्टन जेम्स विनेफेल्ड यांनी वरून हुकूम यायची वाट न बघता बोट वळवली आणि पूर्ण वेगात रातोरात उत्तरेकडे आणली, सोबतच्या बोटी मागे पडल्या. मी वर म्हटलं ना की अणुशक्तीचा खरा फायदा काय, तो इथे दिसतो. टाकीत किती शिल्लक आहे हा प्रश्नच विचारावा लागला नाही. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवरचे पहिले हल्ले झाले तेव्हा ती अरबी समुद्रात, म्हणजे आपल्या कोकणच्या समुद्राच्याच वरच्या अंगाला होती, आणि पुढच्या तीन आठवड्यांत तिच्यावरून सुमारे ७०० उड्डाणं झाली.

निवृत्त कधी झाली?

२५वी आणि शेवटची मोहीम मार्च ते नोव्हेंबर २०१२, २३८ दिवस. १ डिसेंबर २०१२ ला नॉरफोकला निरोप समारंभ झाला. २०१३ मधे टग लावून ओढत न्यूपोर्ट न्यूजला नेली, जिथे बांधली त्याच गोदीत, इंधन काढायचं काम तीनचार वर्षं चाललं, आणि ३ फेब्रुवारी २०१७ ला कागदोपत्री नौदलातून नाव कमी झालं. तोपर्यंत एक लाखाच्या वर खलाशांनी तिच्यावर नोकरी केली होती आणि डेकवरच्या दोराला हूक अडकवून विमान उतरण्याचे प्रसंग चार लाखांच्या पुढे गेले होते.

मग तिचं म्युझियम का नाही केलं?

आठ भट्ट्या. त्या बाहेर काढायच्या तर डेकपासून तळापर्यंत बोट कापावी लागते, आणि एवढं कापल्यावर उरतं त्याला बोट म्हणता येत नाही. बरीच वर्षं ती धक्क्यालाच उभी होती कारण इतकी मोठी अणुबोट मोडायची कशी हे जगात आधी कुणी केलेलंच नव्हतं. शेवटी २०२५ मधे अलाबामातल्या मोबील बंदरात मोडायचं कंत्राट दिलं, सुमारे ५३ कोटी ६७ लाख डॉलरचं. बांधायला लागले त्याहून आकडा मोठा, अर्थात ६५ वर्षांत डॉलरची किंमत कुठल्या कुठे गेली हे धरायला हवं. ज्यांना अणुबोटी हव्यात त्या प्रत्येक देशाने हा आकडा समोर ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

भारताकडे अशी बोट का नाही?

जगात अणुशक्तीच्या विमानवाहू नौका अमेरिका आणि फ्रान्स दोघांकडेच आहेत. आपली नवी विक्रांत, २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत दाखल झाली, ती गॅस टर्बाइनवर चालते आणि आपल्या समुद्राला ते पुरतं. अणुशक्ती आपण पाणबुडीसाठी वापरली, अरिहंत, आणि पाणबुडीला तिचा फायदा कितीतरी जास्त आहे कारण तिला हवेसाठी वर यावं लागत नाही.

एंटरप्राइजचं आता काय बघायला मिळेल?

तिचा एक नांगर अब्राहम लिंकन या बोटीला बसवलाय, तो अजून समुद्रात आहे. निरोपाच्या दिवशीच जाहीर झालं होतं की पुढे येणाऱ्या एका बोटीचं, सीव्हीएन-८०, नाव एंटरप्राइजच असेल. ती न्यूपोर्ट न्यूजलाच बांधली जातेय आणि जुन्या बोटीचं काही पोलाद वितळवून तिच्यात वापरलंय.

आणि तिच्या वयाची आपली विक्रांत? १९९७ मधे निवृत्त झाली, नंतर मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती. तिच्यात भट्टी नव्हती, ती ठेवता आली असती. तळ गंजत गेला, पैशाची सोय झाली नाही, २०१२ मधे लोकांसाठी बंद केली, २०१४ मधे दारूखान्यात, म्हणजे मुंबईत बोटी तोडायची जागा आहे तिथे, तोडली. मी गेले होते तेव्हा हँगरमधे उन्हाने तापलेल्या लोखंडाचा आणि जुन्या ग्रीसचा वास होता, आणि उभ्या शिडीची कड इतक्या बुटांनी घासून चकचकीत झालेली की हात ठेवला तर गुळगुळीत लागायची. त्यातलं थोडं लोखंड पुण्याच्या बजाजने व्ही मोटरसायकलच्या टाकीत वापरलं, आणि थोड्याचं स्मारक केलंय, फोर्टमधे लायन गेटसमोर, रस्त्याच्या मधोमध. बसमधून जाताना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी दिसतं, फक्त सिग्नलला बस थांबली पाहिजे.